मोरीवरची काळी पूड

कुंदाने जावेचा कधी हेवा केला नाही. ऑफिसात तिच्या मागून लागून पुढे गेलेल्या मुलीचाही नाद तिने दोन दिवसांत सोडला. पण पाठच्या चाळीतल्या मालनबाईंना तिने असं काही पाण्यात पाहिलं की विचारू नका. आणि कशावरून, तर दात घासण्यावरून!

ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या अंगाला एका तीन मजली इमारतीत कुंदा आणि तिचा नवरा श्यामकांत राहायचे. दोघंही नोकरीवाले. मुलगा एकच, जयवंत, साडेतीन वर्षांचा, घरात जयू. इमारतीच्या मागे भिंतीला लागून बैठी चाळ होती, तिथे मालनबाई राहायच्या. त्यांचा नवरा दत्ताराम गिरणीत होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, मग तो भांडुपच्या एका कारखान्यावर रखवालदार म्हणून लागला आणि मालनबाईंनी इमारतीतल्या नोकरीवाल्या बायकांची मुलं दिवसभर सांभाळायला घेतली. जयू धरून चार मुलं होती.

सकाळी दात घासताना जयू कुंदाचा अगदी जीव खायचा. ती ब्रशवर पांढरी पेस्ट घेऊन बेसिनपाशी उभी राहिली की हा ओठ असे घट्ट मिटायचा की तोंडाला कुलूपच. तिने लाडीगोडी करून पाहिली, धपाटे घालून पाहिले, नाक दाबून पाहिलं. नाक दाबलं की तो तोंडाची बारीक फट करायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा मिटायचा. चुकून पेस्ट आत गेलीच तर थू करून तिच्या साडीवर टाकायचा. मग कुंदा ओरडायची, "थुंकायचं नाही असं! घाणेरडा! हळूच, बेसिनमध्ये, आवाज न करता!" तिच्या माहेरी खाकरणं, थुंकणं हे सगळं दार लावून करायची रीत होती. श्यामकांत पेपरमागून म्हणायचा, "जाऊ दे गं. दुधाचेच दात ना, पडायचेच आहेत." एवढं ज्ञान पाजळून तो आंघोळीला जायचा. कुंदाच्या नाकी नऊ यायचे, घड्याळ पुढे पळत असायचं, आणि जयू पारोशा तोंडाने मालनबाईंकडे रवाना व्हायचा.

असे कित्येक महिने गेले. एके दिवशी कुंदाला अंगात कणकण वाटली, तिने रजा टाकली आणि जयूला पोचवून घरी आली. घरी आल्यावर लक्षात आलं की त्याच्या खोकल्याचं औषध पिशवीतच राहिलंय. ती परत गेली. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकणार तोच तिने पाहिलं आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

मोरीच्या कडेला चारही मुलं ओळीने उकिडवी बसली होती. मालनबाई पाटावर बसून डाव्या तळहातावर काळी पूड घेऊन उजव्या बोटाने स्वतःचे दात घासत होत्या. प्रत्येक मुलाच्या तळहातावरही चिमूटभर काळी पूड होती आणि तीही आपापलं बोट तोंडात घालून तल्लीन होऊन घासत होती. सगळ्यांच्या ओठांना, हनुवटीला काळं लागलेलं.

"आता आतल्या दाढो," मालनबाई म्हणाल्या. "आ करा. मोठ्ठो!"

आणि जयूने आ केला. साधा नव्हे, पडजीभ दिसेल एवढा मोठा. मालनबाईंनी बोट घालून त्याच्या मागच्या दाढा घासल्या, वरून, खालून, आतून. तो हूं की चूं करेना.

"आता थुका! कोणाचा लांब जाता बघूया!"

चारही पोरांनी छाती भरून घेतली आणि मोरीच्या भोकावर नेम धरून काळ्या पिचकाऱ्या मारल्या. जयूची सगळ्यांत लांब गेली. तो उठून नाचायलाच लागला. "मावशी, माझी! माझी लांब!"

कुंदा औषध न देताच मागे फिरली. घरी येऊन ती पलंगावर बसली आणि तिला सरळ सरळ रडू आलं. एखाद्या बाईचं पोर दुसरीकडे जास्त जेवतं, जास्त हसतं, हे तिने गृहीत धरलं होतं. पण आपल्यासाठी ओठ विलग न करणारं पोर तिथे पडजीभ दाखवतं? नऊ महिने कोणी वाहिलं याला? डोळ्यांपुढून त्या लांबलचक पिचकारीवर खूश होऊन टाळी वाजवणाऱ्या मालनबाई हलेनात. त्यांच्या अर्ध्या दातांत फटी, उरलेले मशेरीने काळे झालेले. आणि ह्या शिकवणार पोरांना दात घासायला!

त्या दिवसापासून तिला मालनबाईंचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. संध्याकाळी ती न्यायला गेली की जयू मालनबाईंच्या पदरात तोंड खुपसायचा, घरी यायला बघायचा नाही. म्हणून ती येताना लिमलेटच्या गोळ्या आणायला लागली. गोळी दाखवली की स्वारी निघायची. रोज दोन, कधी तीन. आणि रात्रीची बाटली तर तिची हक्काची. जयूला अजून झोपताना दुधाची बाटली लागायची, दोन चमचे साखर घालून. ती तोंडात धरूनच तो झोपायचा, एक हात आईच्या गळ्यात टाकून. दिवसभरात तेवढा एकच हात तिच्या वाट्याला यायचा. तो सोडायची तिची तयारी नव्हती.

एकदा मालनबाईंनीच विषय काढला. "वहिनी, बाटली सोडवा आता त्याची. रातभर गोड तोंडात रवता. वरचे दात बगा, पांढरे डाग पडलेत."

कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही मला सांगणार? "बघते," एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने बाटलीत साखरेचा तिसरा चमचा घातला. हेवा माणसाला इतका खुळा करतो, काय बोलायचं!

पण त्या काळ्या पुडीचं काय? कुंदाच्या डोक्यात ती पूड किड्यासारखी वळवळत होती. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. पोरांना तंबाखू चोळायला देते ही बाई? असं असेल तर मग सगळंच समजण्यासारखं होतं. मग पोरगं तिच्या मायेला नाही, नशेला भुललं होतं. हा विचार कुंदाला फार आवडला. तिने तो आठवडाभर मनातल्या मनात घोळवला.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. ती दुपारीच चाळीत पोचली. मुलं चटईवर झोपली होती आणि मालनबाई कोपऱ्यावरच्या नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. मोरीवरच्या फळीवर दोन डबे होते. कुंदाने आधी चपटा डबा उघडला. तंबाखूचा असा भपकारा आला की तिचं डोकं गरगरलं. मग तिने दुसरा, दुधाच्या पावडरीचा जुना डबा उघडला. आत काळी पूड. तिने नाक जवळ नेलं, जळक्या तुसाचा वास आला. चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. खारट. भाताचं तूस जाळून मीठ घालून केलेली साधी राखुंडी, कोकणातल्या घराघरांतली. पोरांसाठी वेगळी, वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट लावून.

कुंदाला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाईट वाटलं. मशेरी असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. डबा जागेवर ठेवून, बोटं पदराला पुसून, ती झोपलेल्या जयूच्या उशाशी जाऊन बसली.

महिन्याभरात जयूचे दात दुखायला लागले. भाकरीचा तुकडा चावला की कळवळायचा. कुंदा त्याला स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथेही तोंड मिटलेलंच, पण पांढरा कोट पाहून तो भोकाड पसरून रडला, आणि रडताना तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहून घेतलं.

"वरचे पुढचे चारही किडलेत," डॉक्टर म्हणाले. "मागच्या दाढा आणि खालचे दात मात्र स्वच्छ आहेत. या वयाच्या पोराचे इतके स्वच्छ सहसा नसतात. कोण घासतं? तुम्ही?"

"हो, मीच," कुंदा म्हणाली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपतो का?"

"छे. ती केव्हाच सोडवली."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "मग नवल आहे. असे फक्त वरचे पुढचे दात बाटलीनेच जातात. पुढच्या आठवड्यात आणा, बघू काय वाचतंय ते."

ती घरी आली. जिन्यातच तळमजल्यावरची मृणालिनी भेटली. तिची मुलगीही मालनबाईंकडे असायची. जयूचे दात बघून तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! काळे ठिक्कर! कशाने गं?"

वर श्यामकांत दारात उभा होता. तोही खाली डोकावून म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाले? आपल्याकडे तर असलं काही नव्हतं कोणाला. ती बाई काही लावते का याच्या दातांना?"

दोघंही कुंदाकडे बघत होते. बाटली म्हणावं तर ती स्वतःच्या हाताने द्यायची. कुंदा म्हणाली, "काळी पूड चोळते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मशेरी?" मृणालिनी किंचाळलीच. "पोरांना?"

कुंदा हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती जयूला कडेवर घेऊन वर गेली. तिने एक अक्षर खोटं उच्चारलं नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीत झालं होतं की मालनबाई पोरांना तंबाखू चोळून गुंगीत ठेवते, म्हणून तर पोरं तिच्याकडे शांत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चारांपैकी एकही मूल चाळीत गेलं नाही.

दुपारी मालनबाई जयूचे कपडे, वाटी-चमचा पिशवीत घालून कुंदाच्या दारात आल्या. आत या म्हणूनही कुंदा म्हणाली नाही. मालनबाईंनी पिशवी दिली, तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या. आत जयू दाराच्या फटीतून बघत होता. "मावशी!" त्याने हाक मारली, तेव्हा कुंदाने दार लावून घेतलं. ती जिंकली होती. तिला वाटलं, आता हा आपला.

तिने महिनाभराची रजा घेतली. डॉक्टर पुन्हा बाटलीचं विचारतील म्हणून पुढच्या आठवड्यातली त्यांच्याकडची फेरी मात्र तिने टाळली. पण जयूने तिला चांगलाच हिसका दाखवला. ब्रश तर सोडाच, तो घासासाठीही तोंड उघडेना. रोज सकाळी चप्पल घालून दारापाशी जाऊन उभा राहायचा, आणि बाहेर नेलं नाही की तिथेच बसून राहायचा. तिने गोळी दाखवली, त्याने भिरकावून दिली. बाटली मात्र तोंडात धरून रडत झोपायचा, पण हात काही आता तिच्या गळ्यात पडेना. भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मालनबाईंचं नावसुद्धा घेऊ नको म्हणून कुंदाने दटावलं, तेव्हापासून तो बोलायचाच कमी झाला. समोर नसूनही ती बाई घरभर होती. कुंदाचा जळफळाट उलट वाढला.

दहाव्या दिवशी जयूचा वरचा ओठ सुजून नाकापर्यंत आला. अंगात ताप. पुन्हा डॉक्टर. एका दाताच्या मुळाशी पू झाला होता, तो दात काढायलाच हवा होता. पण आता जयू रडतही नव्हता. दात ओठ आवळून खुर्चीत ताठ बसला होता. श्यामकांतने हात धरले, कुंदाने डोकं धरलं, जयूने मान अशी झटकली की डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला.

डॉक्टरांनी हात टेकले. "मला सुई द्यायची आहे. अशा झटापटीत मी हात चालवणार नाही, उगीच भलतीकडे लागेल. हा कोणासमोर तरी तोंड उघडत असेलच ना? मागच्या दाढा आपोआप थोड्याच स्वच्छ राहिल्या? ज्याच्यासमोर उघडतो त्याला घेऊन या. आज संध्याकाळच्या आत. सूज डोळ्याकडे चढायला नको."

श्यामकांत जयूला घेऊन दवाखान्यातच बसला. कुंदा एकटी चाळीकडे निघाली. वाटेत तिने काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा मोडलं. त्यातही तिला राहून राहून वाटत होतं, आता ही येणार, आणि तो तिच्यापुढे आ करणार, आणि मी बाजूला उभी राहणार. पोराला ताप चढलेला, आणि कुंदाच्या पोटात दुखत होतं ते ह्याचं.

मालनबाई एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. कुंदाने दारातूनच सांगितलं, जयूला पू झालाय, तो कोणापुढे तोंड उघडत नाही, तुम्ही चला. मालनबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि लुगडं सारखं करत उठल्या. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. तेच कुंदाला सोसेना.

"मालनबाई, ती पूड..." तिने सुरुवात केली. "लोकांनी आपलं काहीतरी..."

"वहिनी," मालनबाई दाराची कडी लावता लावता म्हणाल्या, "त्या शनवारी तुमी डबो उघडलात. वास घेतलात. जिभेर लावन बगलात. मी दारात हंडो घेवन उभी होतंय."

कुंदाने विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत कोणाला? सगळ्यांसमोर मला खोटी पाडायची होतीत."

"कोणासमोर? पोरासमोर?" मालनबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "त्येच्या आईक मी खोटी म्हटलंय असतंय, तर मगे त्या पोरान कोणाच्या हातचा खावचा? चला आता. ताप चढलोहा म्हणतास मा?"

कुंदा त्यांच्या मागून चालायला लागली. आतापर्यंत तिला त्यांच्या बोटाचा, पदराचा, मोरीचा हेवा वाटत होता. आता त्यांच्या चांगुलपणाचाही वाटायला लागला, आणि तो सगळ्यांत वाईट होता, कारण त्यावर काही बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात जयूने मालनबाईंना पाहिलं आणि खुर्चीतून हात पसरले. त्या खुर्चीवर त्याला मांडीत घेऊन बसल्या. "इतकोसो दात, नि इतको मोठो झगडो? बग, तेंका आतल्या दाढो दाखव तुज्यो. आ कर. मोठ्ठो!"

जयूने आ केला. सुई टोचली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड मिटलं नाही. दात निघाला. डॉक्टरांनी भांडं पुढे केलं. "थुक," मालनबाई म्हणाल्या, आणि रक्ताची गुळणी त्याने नेम धरून टाकली.

हात धुता धुता डॉक्टरांनी मालनबाईंना विचारलं, "दात तुम्हीच घासत होतात ना याचे? मग पुढचे असे कसे झाले? घरी काय देता?"

मालनबाई कुंदाकडे बघून म्हणाल्या, "घरचा आई सांगात." आणि त्यांनी जयूच्या ओठांवरचं रक्त पुसायला घेतलं. श्यामकांतही बघत होता.

"बाटली," कुंदा म्हणाली. "रोज रात्री. साखर घालून. मी देते. आणि संध्याकाळी गोळ्या. घासत मी नव्हते, ह्या घासत होत्या. मी मागे खोटं सांगितलं."

परतताना जयू मालनबाईंच्या कडेवर होता. इमारतीच्या फाटकात मृणालिनी भाजी घेऊन उभी होती, सोबत तिची मुलगी. मुलगी "मावशी!" म्हणून पळत सुटली, तशी मृणालिनीने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि दुसरीकडे बघायला लागली. मालनबाई खालमानेने चाळीकडे वळल्या. त्या क्षणी कुंदाला वाटलं, गप्प राहावं. कोणी काही विचारलेलं नाही. ही बाई तर कधीच बोलणार नाही. पोरं गेली, मिळकत गेली, महिना-दोन महिन्यांत ती गावी निघून जाईल, आणि जयू लहान आहे, विसरेल.

"मृणालिनी, थांब," ती म्हणाली. "तो डबा मी उघडून बघितला होता. मशेरी नव्हती. तूस आणि मीठ. मी जिभेवर ठेवून पाहिलं होतं. तू विचारलंस त्याच्या आधीच मला माहीत होतं."

मृणालिनीच्या हातातली पिशवी कलंडली. "माहीत होतं? अगं मग त्या दिवशी बोलली का नाहीस? आम्ही सगळ्यांनी पोरं काढून घेतली ना त्यांच्याकडून! असं काय वाकडं केलं होतं त्यांनी तुझं?"

चाळीच्या तोंडाशी मालनबाई थांबल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर जयू गाढ झोपला होता.

"जयू माझ्यापुढे तोंड उघडत नव्हता," कुंदा म्हणाली. "त्यांच्यापुढे उघडत होता. बस, एवढंच."